लेफ्तर आणि देफ्तेर

‘दप्तर’ हा शब्द आपल्या घरोघरी दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. मूळचा हा शब्द ग्रीक. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला, तसाच तुर्की भाषेतही शिरला आणि तेथे ‘देफ्तेर’, म्हणजे वही, होऊन राहिला. गेल्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलच्या क्रीडांगणावर या शब्दाचे यमक एका फुटबॉलपटूच्या नावाशी जुळले. चेंडू लेफ्तरकडे गेला, की गोल वहीत मांडूनच टाकावा, अशा अर्थाची आरोळी प्रेक्षकांतून उठू लागली. मौज अशी, की त्या शब्दाप्रमाणे हा खेळाडूही वंशाने ग्रीकच होता.

लेफ्तर क्युचुकआंदोन्यादिस हा इस्तंबूलजवळच्या ब्युयुकआदा बेटावरील एका मासेमाराचा मुलगा. १९२३ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांनी करार करून आपापल्या अल्पसंख्य प्रजेची अदलाबदल केली आणि लक्षावधी माणसे देशोधडीला लागली. इस्तंबूलच्या ग्रीकांना मात्र त्यातून वगळण्यात आले होते. अशा मागे राहिलेल्यांत हे कुटुंब होते. लष्करातील सक्तीची सेवा संपवून लेफ्तर १९४७ मध्ये फेनेरबाह्चे संघात दाखल झाला. पुढे इटलीतील फिओरेन्तिना व फ्रान्समधील नीस येथे तो एकेक हंगाम खेळला आणि १९५३ मध्ये स्वगृही परतला. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेत त्याने दोन गोल केले. एक दक्षिण कोरियाविरुद्ध आणि दुसरा, सामना हातचा गेल्यावर का होईना, पुढे अजिंक्य ठरलेल्या पश्चिम जर्मनीविरुद्ध! विद्यापीठातील सर्वश्रेष्ठ प्राध्यापकाला असलेली ‘ऑर्दिनारयुस’ ही पदवी लोकांनी त्याला प्रेमाने बहाल केली.

आणि मग १९५५ सालच्या सप्टेंबरची ६ तारीख उजाडली. सालोनिका येथे अतातुर्क यांच्या जन्मघरी बॉम्बस्फोट झाल्याची बातमी इस्तंबूलमध्ये पसरली आणि पिसाळलेले जमाव ग्रीकांच्या वस्त्यांवर तुटून पडले. हजारो घरे, दुकाने आणि कित्येक चर्चे उद्ध्वस्त झाली. लेफ्तरच्या घरावरही दगडांचा वर्षाव झाला. ज्याने आपल्या देशासाठी गोल केले, त्याच्याच खिडक्या फुटल्या! हल्लेखोरांची नावे मात्र त्याने सांगितली नाहीत. या मौनाला कोणी भीती म्हणेल, कोणी औदार्य. आम्हांस वाटते, ज्याला उद्या त्याच गल्लीतून जावयाचे आहे, त्याच्या मनात या दोहोंची वाटणी इतकी सोपी नसावी. तो देश सोडून गेला नाही, तुर्कस्तानच्या संघातून खेळत राहिला आणि त्या संघाचे नायकत्वही त्याने केले.

सीमेपलीकडे तरी त्याला आपले म्हणणारे होते काय? तुर्की संघाकडून खेळावयास गेला असता ग्रीक प्रेक्षकांनी त्याला ‘तुर्क’ म्हणून हिणवले. १९६४ मध्ये तो अथेन्सच्या एईके संघात गेला. हा संघ इस्तंबूलहून आलेल्या निर्वासितांनीच १९२४ मध्ये स्थापन केलेला. तेव्हा तेथे त्याचे पाय रुजावे, अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु तेथील मुक्काम अल्पकाळच टिकला. पुढे त्याने तुर्कस्तानातील अनेक संघांना प्रशिक्षण दिले.

१३ जानेवारी २०१२ रोजी लेफ्तरचे निधन झाले. फेनेरबाह्चेच्या क्रीडांगणावर सहस्रावधी लोकांनी त्याला निरोप दिला, आणि नंतर ज्या बेटावर त्याचा जन्म झाला, त्याच ब्युयुकआदावरील ग्रीक दफनभूमीत त्याचा देह ठेवण्यात आला.