स्विच मेला नाही हो!

मित्रांनो, स्विच चालू होईना की आपण लगेच म्हणतो, "उडाला, नवीन मागवा!" पण फ्लॅशमधलं आयओएस पुसलं गेलं म्हणजे स्विच मेला असं नाही. सिस्कोचा कॅटलिस्ट 2950 घ्या. त्याचा बूटलोडर वेगळा असतो, तो शाबूत राहतो. कन्सोल केबल लावली की 'स्विच:' असा प्रॉम्प्ट दिसतो. तिथून फ्लॅश इनिशियलाइज करायची आणि एक्समोडेमने इमेज चढवायची. हा प्रोटोकॉल 1977 चा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा सीनियर! 9600 बॉडला सेकंदाला जेमतेम 960 बाइट जातात, म्हणजे 3 एमबीला जवळजवळ तास. 115200 केलं तर काही मिनिटांत काम होतं.

खरी अडचण इमेजची. ती डाउनलोड करायला सहसा सपोर्ट काँट्रॅक्ट लागतं. म्हणून इमेज आणि कॉन्फिगरेशन, दोन्हींची कॉपी लॅबच्या टीएफटीपी सर्व्हरवर आधीच हवी.

आणि सर, एक विनंती. एखादा जुना स्विच आमच्या हाती द्या, आम्ही तो पुसून पुन्हा उभा करू. ओएसआयचे सात लेअर तोंडपाठ, पण कन्सोल केबल कधी हातात घेतली नाही, असा इंजिनियर काय कामाचा?