परताव्याचे दान आणि तिजोरीवरील हक्क

मालक स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत 40 टक्के सवलत देण्याची पुणे महानगरपालिकेची प्रथा 1970 सालच्या ठरावापासून चालत आली. घराचे वार्षिक भाडे ठरवावयाचे, त्यातून एवढी वजावट करावयाची आणि उरलेल्या रकमेवर कर आकारावयाचा, अशी तिची रीत. लेखापरीक्षणातील आक्षेपांचा आधार घेऊन राज्य शासनाने 2019 मध्ये ही सवलत थांबविली आणि अनेक घरमालकांच्या हाती वाढीव मागणीची बिले पडली. पुढे 2 मार्च 2023 रोजी कसबा पोटनिवडणुकीचा निकाल लागला, आणि दुसऱ्याच महिन्यात मंत्रिमंडळाने सवलत पूर्ववत केली. जे नागरिकांच्या अर्जविनंत्यांना साधले नव्हते, ते एका मतमोजणीने साधले! मधल्या काळात ज्यांनी जादा कर भरला, त्यांनी पीटी-3 अर्ज आणि स्वनिवासाचा पुरावा दिल्यास ती रक्कम पुढील बिलांतून वळती करण्याचे ठरले.

ज्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च जेमतेम भागतो, त्याला ही रक्कम मोलाचीच आहे. परंतु ज्यांना तिच्यावाचून काही अडत नाही, अशीही घरे पुण्यात कमी नाहीत. आलेली सवलत एखाद्या धर्मादाय कामाला द्यावी, असे त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आल्यास तो विचार आदरणीय आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र दान केल्याने करासंबंधीचे कर्तव्य संपले, असे मानण्याचेही कारण नाही.

याच शहरात जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ते स्वतःच्या मालकीच्या वस्तूचे देणे होते. तेच फुले पुढे पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा प्रस्ताव 1880 मध्ये आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांचे म्हणणे होते. स्वतःचा हौद खुला केला म्हणून सार्वजनिक तिजोरीचा हिशेब मागण्यातून आपण मोकळे झालो, असे त्यांनी मानले नाही. खाजगी औदार्य आणि सार्वजनिक हक्क या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आयुष्यात सांभाळल्या. परताव्याच्या प्रश्नाकडे पाहण्याची खरी दृष्टी येथे सापडते.

दान देणारा आपल्या पसंतीचे काम निवडतो. कोणी अनाथाश्रम निवडील, कोणी रुग्णालय, कोणी मंदिराचा जीर्णोद्धार. वस्तीतल्या तुंबलेल्या गटाराला दाता मिळत नाही. अग्निशामक बंबाच्या डिझेलसाठी कोणी देणगी पाठवीत नाही. सफाई, मलनिस्सारण, दिवाबत्ती, महापालिकेच्या शाळा ही कामे न आवडणाऱ्याच्याही पैशातून चालावी लागतात, आणि म्हणून कर असतो. त्यातच महापालिकांच्या उत्पन्नाचे मार्ग आक्रसत गेले आहेत. पुण्यातील जकात 2013 मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर त्या उत्पन्नाऐवजी राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसणे नशिबी आले. स्वतःच्या बळावर गोळा करता येईल असे जे थोडे उत्पन्न महापालिकेपाशी उरले, त्यात घरपट्टी प्रमुख आहे.

मग प्रश्न असा, की या उत्पन्नातून दिलेली सूट कोणाच्या पदरी पडते? ती मालकाच्या पदरी पडते. टक्केवारीने दिलेली सूट असल्यामुळे जितके घर मोठे तितकी ती रुपयांत मोठी होते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मोलकरणीला, रिक्षावाल्याला, परगावाहून शिकायला आलेल्या मुलाला तिचा स्पर्शही होत नाही. कारण भाड्याने दिलेले घर स्वनिवासाचे ठरत नाही. त्या घरावरचा पूर्ण कर भाड्यात मिसळून शेवटी भाडेकरूच भरतो. मुंबईत 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्यात आली; तिच्यात दोष असतील, पण गरजेचे काही माप तरी तिने मानले. पुण्याच्या सवलतीला असे माप का नसावे? प्रशस्त बंगल्यांची सूट कमी करून ती भाडेकरूंच्या लहान घरांकडे का वळवू नये? 2023 मध्ये सवलत परत आली तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे हा प्रश्न नगरवासीयांच्या प्रतिनिधींनी सभागृहात मांडण्याची वेळच आली नाही.

तरीही ज्याला द्यावयाचे आहे त्याने अवश्य द्यावे. फक्त कोठे द्यावयाचे याचा विवेक ठेवावा. भूक एक दिवस भागविणारे दान आणि भुकेविरुद्ध माणसांना संघटित करणारे दान यांत अंतर आहे. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय केली. त्या निधीच्या नावात दया नव्हती, कृतज्ञता होती. पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 पासून उभी आहे. ज्यांच्या श्रमामुळे घराचा उंबरठा स्वच्छ राहतो, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला घरपट्टीची सूट लागावी, यासारखे औचित्य दुसरे कोणते?

कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून लोकांचे पीटी-3 अर्ज भरून द्यावेत. अज्ञानामुळे कोणाचा हक्क बुडू नये. पण अर्ज भरून झाल्यावर त्याच ओसरीवर भाडेकरूचा प्रश्नही काढावा. ज्याची ऐपत आहे त्याला सवलतीचा वाटा कष्टकऱ्यांच्या संघटनेला देण्यास सांगावे, आणि त्याच माणसाची सही न्याय्य करआकारणीच्या मागणीपत्रावर घ्यावी. नुसत्या देणगीने मनाला समाधान मिळेल, भाडेकरूचे भाडे कमी होणार नाही. त्यासाठी ती दुसरी सहीच लागेल.