प्रापंचिक हिशेब : जुनी विजेची मोटार

सातारा जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. यजमान नुकतेच निवृत्त झाले. सासूबाईंस आठवड्यांतून तीन वेळां वीस किलोमीटरांवरील रुग्णालयांत न्यावें लागतें. भाड्याची गाडी कधीं वेळेवर येते, कधीं येतच नाहीं. साठविलेल्या पैशांतून आठ लक्ष रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. त्याहून एक पैसाहि अधिक नाहीं. वापरलेली विजेची मोटार घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणती, असा त्यांचा प्रश्न आहे. हाच प्रश्न आज अनेक घरांत पडत असल्यामुळें त्याचें उत्तर खासगी न धाडतां येथें देत आहों.

प्रथम मोटार घेण्यांत फायदा आहे कीं नाहीं, हें त्रैराशिकानें पाहावें. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि लिटरमागें १५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारें पावणेसात रुपये पडतात. विजेचें युनिट १० रुपयांस आणि युनिटमागें ७ किलोमीटर धरले, तर दीड रुपयाहूनहि कमी. या भगिनींचें येणेंजाणें महिन्यास सुमारें ५२० किलोमीटर होईल. म्हणजे पेट्रोलचे ३,४६७ आणि विजेचे ७४३ रुपये. वर्षाकांठीं ३२,००० रुपयांहून अधिक बचत झाली. परंतु ज्या घरची मोटार महिन्यास दोनशें किलोमीटरच फिरते, तेथें ही बचत साडेबारा हजारांवर येते. तेवढ्यासाठीं बॅटरीची चिंता विकत घेणें शहाणपणाचें नव्हे. ज्याचें त्यानें आपलें त्रैराशिक मांडावें.

विजेच्या मोटारींत इंजिन नाहीं, क्लच नाहीं, तेल बदलणें नाहीं. जुन्या पेट्रोलच्या मोटारींत ज्या दहा ठिकाणीं फसवणूक होऊं शकते, तीं ठिकाणें येथें मुळांतच नाहींत. सगळें भय एका ठिकाणीं एकवटलेलें असतें व तें म्हणजे बॅटरी. ती अत्यंत महाग असते, आणि उष्णता, वारंवार केलेलें शीघ्र चार्जिंग व काळ या तिन्हींमुळें तिची धारणशक्ति हळूहळू कमी होते. म्हणून जुनी विजेची मोटार घेणारा माणूस वस्तुतः बॅटरीचें उरलेलें आयुष्य विकत घेत असतो; पत्रा व रंग हीं केवळ वेष्टनें होत.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहूं. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्यें आली. तिची बॅटरी ३०.२ युनिटांची. कागदोपत्रीं तिचा पल्ला ३१२ किलोमीटर असला, तरी रस्त्यावर दोनशेंच्या आसपास धरावा. टिगोर ईव्हीचा २०२१ मधील अवतार २६ युनिटांचा. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्यें आली, तिच्या १९.२ व २४ युनिटांच्या अशा दोन जाती आहेत. एमजीची कॉमेट २०२३ मधील, ती १७.३ युनिटांची व दोनच दारांची. यांतील टाटांच्या तिन्ही मोटारींच्या बॅटरीस ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं घडेल तोंपर्यंत हमी दिलेली होती. कॉमेटची हमी ८ वर्षें किंवा १,२०,००० किलोमीटर अशी होती.

याहून स्वस्तांत महिंद्रांची ई-टू-ओ किंवा ई-व्हेरिटो दाखविली जाईल. ई-टू-ओ २०१३ मध्यें व ई-व्हेरिटो २०१६ मध्यें आली. दोहोंचें उत्पादन थांबलेलें आहे. मूळ हमी संपलेली किंवा संपत आलेली, पल्ला लहान, आणि शीघ्र चार्जिंगची सोय असलीच तर ती जुन्या धर्तीची. आजच्या बहुतेक केंद्रांवरील जोडणीशीं ती जुळत नाहीं. ज्यांस स्वतः यंत्राशीं खेळण्याची आवड आहे त्यांनीं त्या घ्याव्यात. रुग्णास वेळेवर पोंचविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनीं घेऊं नयेत.

किंमत पाहतांना हमीचीं वर्षें मोजण्यास विसरूं नये. २०२० सालीं घेतलेल्या नेक्सॉनची हमी २०२८ मध्यें संपते. २०२३ मधील टियागोची २०३१ मध्यें. दोघींची किंमत सारखीच सांगितली, तर थोरली मोटार मोठी दिसली तरी धाकटी तीन वर्षें अधिक निश्चिंतपणा देते. मात्र ही हमी दुसऱ्या धन्यास पूर्ण मिळते कीं नाहीं, हें दलालाच्या तोंडावर न सोडतां कंपनीकडून लेखी घ्यावें. कांहीं मोटारींची आजीवन हमी पहिल्या धन्यापुरतीच असते. मोटार दुसऱ्या हातीं गेली कीं ती आंखडते.

नंबराच्या पाटीकडेहि लक्ष द्यावें. विजेच्या मोटारीची पाटी हिरवी असते. खासगी मोटारीवर पांढरीं अक्षरें, भाड्याच्या मोटारीवर पिवळीं. पिवळीं अक्षरें असलेली मोटार बहुधा रोज शीघ्र चार्जिंगवर राबलेली असते. पाटी बदललेली असणेंहि शक्य आहे; म्हणून नोंदणीपुस्तकांतील पूर्वेतिहास वाचावा.

परीक्षेविषयीं एक सूचना. भात शिजला कीं नाहीं हें एका शितावरून कळतें. यास आपले शास्त्रकार स्थालीपुलाकन्याय म्हणतात. बॅटरीस हा न्याय लागू नाहीं. गल्लींतून एक फेरी मारून तिची प्रकृति कळत नाहीं. ती पूर्ण भरून घ्यावी, वातानुकूलन चालू ठेवून वीस टक्के उरेपर्यंत चालवावी, आणि किती किलोमीटर झाले तें टिपून ठेवावें. नेक्सॉनसारखी मोटार एवढ्यांत दीडशें किलोमीटरांच्या आसपास गेली तर ठीक. शंभरांतच दमली तर हात जोडून परत यावें. शिवाय कंपनीच्या सर्विस केंद्रांतून बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल मागावा. विकणारा या दोहोंस नकार देत असेल, तर तोच त्याचा अहवाल समजावा. मोटार उचलून खालील बाजूहि पाहावी. तेथें दगडाचे आघात किंवा पुराच्या पाण्याच्या खुणा असल्यास ती घेऊं नये. चार्जिंगची केबल मोटारीबरोबर मिळते ना, हेंहि विचारावें. ती मागाहून घेणें महागांत पडतें.

कामें करतांना सोपें आधीं व अवघड मागाहून, हा सूचीकटाहन्याय येथें पाळावा. मोटारीआधीं घरचा प्लग पाहावा. १५ किंवा १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग आणि चांगलें अर्थिंग असलें, कीं २४ युनिटांची बॅटरी आठ-नऊ तासांत, म्हणजे एका रात्रींत भरते. सोसायटींत राहणाऱ्यांनीं समितीची लेखी अनुमति आधीं घ्यावी. मोटार दारांत आणि प्लग वादांत अशी स्थिति येऊं देऊं नये. कागदपत्रांत २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म, कर्ज असल्यास तें फिटल्याचा ३५ क्रमांकाचा फॉर्म, आणि विम्याचें हस्तांतर एवढें पाहावें. डिसेंबर २०२४ मध्यें जीएसटी परिषदेनें जुन्या विजेच्या मोटारींवर १८ टक्के कर ठरविला, तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. संपूर्ण किंमतीवर नाहीं, आणि खासगी माणसानें खासगी माणसास विकलेल्या मोटारीवरहि नाहीं. त्याच्या नांवाखालीं कोणी अधिक पैसे मागितल्यास देऊं नयेत.

आतां या भगिनींस आमचें उत्तर. आठ लक्षांपैकीं पन्नास हजार प्लग, टायर व विमा यांकरितां बाजूस ठेवावे. जाऊनयेऊन चाळीस किलोमीटरांस वरील सर्वच मोटारी पुरतात. तेव्हां पल्ल्याच्या मोहानें किंमत वाढवूं नये. कॉमेट वगळावी, दोन दारांच्या मोटारींत मागील आसनावर वृद्धांस बसविणें कष्टाचें आहे. राहिल्या २४ युनिटांची टियागो आणि हमींत असलेली नेक्सॉन. केवळ हिशेबानें पाहिलें तर टियागो. परंतु नेक्सॉनचें आसन उंच आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसास खालीं वांकून बसण्यापेक्षां सरळ सरकून बसणें सोपें जातें. हा भेद कोणत्याहि कोष्टकांत सांपडत नाहीं. म्हणून पैसे देण्यापूर्वीं सासूबाईंस दोन्ही मोटारींत एकेकदां बसवून व उतरवून पाहावें. टियागोंत त्यांस त्रास होत नसेल, तर तीच घ्यावी. होत असेल, तर हमीचीं दोन-तीन वर्षें कमी पडलीं तरी चालतील; मोटार ज्यांच्याकरितां घ्यावयाची, त्यांचें मत शेवटचें मानावें.