हसू नका, शिक्का मारा

सेवेला ‘अपवादात्मक’ हे विशेषण ज्याने प्रथम चिकटवले, त्याला व्याकरण चांगले येत असावे. पण बँकेच्या रांगेत उभे राहण्याचा योग काही त्याला आलेला नसावा. अहो, सेवा अपवादात्मक, म्हणजे एरवी ती मिळत नाही, असाच अर्थ झाला की नाही? आणि हे शिकवण्यासाठी आम्हां कारकुनांना दोन-दोन दिवस वातानुकूलित हॉलमध्ये कोंडतात, दुपारी पनीर खायला घालतात आणि टाय लावलेला एक गृहस्थ समोर उभा करतात. या गृहस्थाने जन्मात कधी संध्याकाळची कॅश जुळवलेली नसते. तो सांगतो, “कामात पॅशन हवी! ग्राहकाला नुसतं समाधान देऊ नका, त्याला थक्क करा!”

मी साधा बी. कॉम. माणूस. वीस वर्षे काउंटरच्या अलीकडे बसतो आहे. या वीस वर्षांत थक्क होण्याच्या इच्छेने बँकेत आलेला एकही इसम मला भेटलेला नाही. माणूस बँकेत येतो तो बँकेतून बाहेर पडण्यासाठी. बाहेर रिक्षा थांबवलेली असते, आणि काम एका खेपेत व्हावे एवढीच त्याची देवाजवळ मागणी असते. त्याला थक्क करायला जाल तर तो आधी पासबुक भरून घेईल, शिल्लक जागेवर आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी चहानंतर हमखास डबेवाले येतात. म्हणजे पडद्यावर. 1890 पासून मुंबईत घरचा डबा पोचवणारी ही मंडळी. हार्वर्डने 2010 साली त्यांच्यावर केस स्टडी लिहिली, 2003 साली तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले. “बघा, याला म्हणतात पॅशन!” कसली पॅशन घेऊन बसलात? मावळातून आलेला तो माणूस गर्दीच्या लोकलमध्ये चढतो तेव्हा त्याचे लक्ष डब्याच्या झाकणावरच्या खुणेवर असते. कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. कोणीतरी एक वाजता भुकेला होणार आहे, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. युवराज आले तेव्हाही डबे थांबले नाहीत. युवराजांनाच डब्यांच्या वेळापत्रकात बसावे लागले. आमच्याकडे साधा झोनल मॅनेजर येणार म्हटले की दोन काउंटर बंद करून रांगोळी काढतात.

शिवाय भिंतीवर ती पाटी असते. ग्राहक हा आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर, वगैरे. खाली गांधीजींचे नाव. ते वाक्य गांधीजींनी म्हटल्याचा पुरावा कोणाला सापडलेला नाही. सापडले ते 1941 साली अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर छापलेले. पाहुण्याला इतके मानणाऱ्या त्या कंपनीने 1966 साली मोटारी करणे बंद केले. पाटी मात्र आमच्याकडे पाण्याच्या बंद कुलरवर अजून लटकते आहे.

तुम्ही म्हणाल, मग काय एरंडेल प्यायल्यासारख्या तोंडाने काम करायचे? करू नये. पण करता आले पाहिजे! आमच्याकडे एक खडूस सहकारी आहे. त्याला हसताना फक्त ओळखपत्राच्या फोटोत पाहिलेले आहे, आणि तिथेही शंका येते. त्याच्या शेजारच्या खिडकीत एक तरुण बसतो. प्रशिक्षणाचे सोने केलेला मुलगा. असा हसतो की दंतवैद्याने फ्रेम करून लावावे.

नोव्हेंबर आला की पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. नाही केले तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. अशाच एका नोव्हेंबरात एक आजी आल्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याच्या मागची फॅमिली पेन्शन. जन्मभर भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांच्या रेघा पुसलेल्या. यंत्र काही अंगठा घेईना. तरुणाने चारदा प्रयत्न केला, गोड हसला आणि म्हणाला, “आजी, उद्या या ना.” आजी म्हणाल्या, “आरं, मी हितं समोर हुबी हाय, आन् त्यो डबा म्हनतो मी न्हाई?”

खडूस न बोलता उठला. मोबाइल काढून आजींना खिडकीच्या उजेडात बसवले. 2021 पासून चेहऱ्यावरूनही हा दाखला निघतो. तेही जमेना, तेव्हा त्याने कागदी फॉर्म भरला, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला. इथपर्यंत नियमच. पण मग त्याने आजींची मुदत ठेव उघडून पाहिली. नॉमिनी कोण? तर गँगमन. वारून सहा वर्षे झालेला. “मुलगी आहे ना? नाव सांगा तिचं,” तो खेकसला. अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात. एक मी, एक शिपाई. अकरा मिनिटांत काम झाले.

ही अकरा मिनिटे कशाची, ते सांगतो. नॉमिनी नसेल तर त्या मुलीने वारसदाखल्यासाठी किती खेटे घातले असते कोण जाणे. पावती तिच्या हाती लागलीच नसती, तर दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या निधीत जाते. नाव ‘ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधी’. ठेवीदार कायमचा झोपल्यावर जागृती! पैसे पुढेही परत मागता येतात, पण मागायचे हे माहीत असणाऱ्याला. नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चार हा आकडा खांदेकऱ्यांवरून घेतला असावा. पण कोणी विचारलेच नाही तर एकही लागत नाही.

आणि हे विचारणे कोणत्याही रकान्यात मोजत नाहीत, हे माझे खरे भांडण आहे. विम्याच्या पॉलिसी किती विकल्या ते मोजतात. ऐंशीच्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांची पॉलिसी मारली की ती पॅशन! त्या वर्षी तरुणाला सर्टिफिकेट मिळाले, फोटोसह. खडूसाच्या कागदावर शेरा आला, ‘ग्राहकाभिमुखतेत सुधारणेस वाव.’

पुढच्या नोव्हेंबरात आजी आल्या तेव्हा हसऱ्याची खिडकी मोकळी होती. त्याने हात करून बोलावलेही. आजींनी दारातच शिपायाला विचारले, “त्यो वसकन अंगावर येनारा हाय का रं आज?”