अंड्याची टरफलं मातीत घाला, पण दळून

भुर्जी किंवा अंडाकरी झाली की टरफलं ओल्या कचऱ्यात जातात. घरी चार कुंड्या असतील, तर ती टाकू नका. पाच-सहा ग्रॅमच्या एका टरफलात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच.

मात्र हाताने चुरडून कुंडीत भिरकावल्याने काही साधत नाही. माती उकरलीत, तर मागच्या वर्षीचे पांढरे तुकडे जसेच्या तसे सापडतील. टरफल साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला मातीतलं आम्ल लागतं, आणि तुकडा जितका बारीक, तितकं हे काम लवकर होतं.

म्हणून टरफलं आधी नीट धुवा. आत बलक चिकटून राहिला की वास सुटतो, मुंग्या लागतात. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मिक्सरमध्ये रांगोळीसारखी बारीक दळा. मध्यम कुंडीला एक चमचा भुकटी पुरते. ती वरच्या मातीत मिसळून पाणी घाला. उरलेली कंपोस्टच्या डब्यात टाकली तरी चालते.

आता सर्वांत महत्त्वाचं: आधी आपली माती ओळखा. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ही भुकटी मानवते. देशावरच्या काळ्या मातीत बहुधा चुनखडी मुळातच भरपूर असते. तिथे आणखी चुना पडला की झाडाला लोह मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शंका असेल तर चमचाभर कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर ओता. माती फसफसली, तर तिला टरफलांची गरज नाही.

टोमॅटोचं बूड काळं पडू लागलं की अनेकजण टरफलांकडे धावतात. कॅल्शियम कमी पोहोचल्याने हे होतं खरं, पण पुष्कळदा ते मातीत असूनही पाण्याच्या अनियमिततेमुळे फळापर्यंत जात नाही. तिथे आधी पाण्याची वेळ सांभाळा.

टरफलांत नत्र, स्फुरद, पालाश नगण्य असतात. त्यामुळे शेणखत किंवा कंपोस्ट बंद करू नका. माती तपासा, टरफलं दळा आणि बेताने घाला.