आधी शेवट ठरवा, मग कॅमेरा काढा

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडं शॉर्टफिल्मचं वारं सुटतं. मोबाइल एकाचा, माईक दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याची. उत्साहाला तोटा नसतो. तरी अशा कितीतरी फिल्म चार सीन शूट होऊन मेमरी कार्डातच पडून राहतात. विचारलं तर पैसा, वेळ, पाऊस अशी कारणं सांगितली जातात. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं: पाचवा सीन काय, हेच ठरलेलं नसतं.

पटकथा लिहिण्याआधी किती ठरवायचं? यावर पोरांचे दोन गट पडतात. पहिला म्हणतो, ‘सगळं डोक्यात आहे, शूटला बघू.’ दुसरा नेटवरून तयार साचा उतरवून घेतो. अमुक पानावर नायक अडचणीत, तमुक पानावर वळण. पात्राच्या आवडत्या रंगापर्यंत सगळे रकाने भरून होतात, पण सीन एकही लिहिलेला नसतो. फिल्म दोघांचीही होत नाही.

पहिल्या गटाला सत्यजित राय यांचा दाखला आवडतो. ‘पथेर पांचाली’ला (१९५५) पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हती, हे खरंच आहे. पण रायांच्या हाताशी बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची अख्खी कादंबरी होती आणि दृश्यांची स्वतः काढलेली चित्रं होती. पटकथा नव्हती, तयारी होती.

आता आपल्या मराठीतलं बघा. ‘सिंहासन’ (१९७९) हा सिनेमा अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून केलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. मंत्री, कामगार नेते, स्मगलर, झोपडपट्टी, एवढा पसारा एका सिनेमात मावणार कसा? निळू फुलेंनी केलेला पत्रकार दिगू टिपणीस मंत्रालयापासून रस्त्यापर्यंत सगळीकडं फिरतो आणि त्याच्यामागं आपणही फिरतो. कुणाच्या मागं चालायचं हे ठरलं की काय गाळायचं तेही कळायला लागतं. आराखड्याचं मुख्य काम हेच.

चैतन्य ताम्हाणेंनी ‘कोर्ट’ लिहिण्याआधी खालच्या न्यायालयांत जाऊन कामकाज पाहिलं होतं. तो सिनेमा कोर्टात थांबत नाही, वकील आणि न्यायाधीशांच्या खाजगी आयुष्यातही शिरतो. असा निर्णय शूटच्या सकाळी चहा पिताना सुचून निभत नाही. त्याच ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

म्हणून आमचं म्हणणं असं: दहा मिनिटांच्या फिल्मला एक पान आराखडा पुरे. त्याहून कमी नको, जास्तही नको.

उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मुरुमच्या घराघरांत अजून निघतो. समजा, आपल्या फिल्ममधली आजी तेव्हापासून स्लॅबखाली झोपत नाही, अंगणातच बाज टाकते. आता थंडी वाढलीय आणि पुण्याहून आलेला नातू तिला आत नेऊ बघतोय. शेवट काय? आजी आत गेली तर ही भीती सुटण्याची गोष्ट झाली. नातवानं आपली बाज बाहेर आणली तर ती नातवाला समज येण्याची गोष्ट झाली. माणसं तीच, अंगण तेच, पण दोन्हींतला एकही सीन सारखा राहणार नाही. हे ठरवल्याशिवाय शूटला निघालात तर मधेच गाडी अडणारच.

पानावर वर चार ओळी: गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, शेवटी काय होतं. खाली प्रत्येक सीनला एक ओळ, अशा आठ-दहा. जागा कुठली, माणसं कोण आणि सीन संपताना काय बदललं. काहीच बदलत नसेल तर ती ओळ खोडा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशोब धरतात. दहा मिनिटांत मग किती मावतं तेही लगेच दिसतं.

त्या पानावर एक गोष्ट मात्र लिहू नका: संवाद. कर्नाटकची हद्द इथून जवळ. आपल्या मराठीत कन्नड मिसळते, उर्दू मिसळते. टेबलाशी बसून लिहिलेली आजी मालिकेतल्या आजीसारखी बोलेल. खरी आजी ‘म्या न्हाई येत आत’ एवढंच म्हणून तोंडावर पदर घेईल. ते ऐकावं लागतं.

आणि पान म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. लिहिताना गोष्ट दुसरीकडं वळली तर बिनधास्त नवं पान करा, तासाभराचं काम आहे. शूट मात्र दोनदा करणं महागात पडतं. कुणी दुकान बंद ठेवून आलेला असतो, कुणी दिवसाची मजुरी बुडवून आपल्यासाठी उन्हात उभा असतो. त्यांचा दिवस आपल्या ‘बघू पुढं’पायी वाया घालवायचा हक्क आपल्याला नाही.

भूकंपाच्या वेळी विशीत असलेली माणसं आज पन्नाशीच्या पुढं गेलीत. तेव्हा पन्नाशीत असलेली फार थोडी उरलीत. त्यांच्या गोष्टी बाहेरून कुणी येऊन करेल याची वाट का बघायची? येत्या रविवारी मोबाइल खिशातच ठेवा, वही घ्या आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा. आधी ऐका, मग ते एक पान लिहा. कॅमेरा त्याच्या पुढच्या रविवारी.