मालगाडीचा फोटो आणि फलाटावरची पिवळी रेघ

पिंपळनेरला रूळ नाहीत. मालगाडी पाहायची, तिचा फोटो काढायचा तर चरणमाळचा घाट ओलांडून नवापूर गाठायचे, नाहीतर नंदुरबार. तेवढ्यासाठी कुणी एसटीचे तिकीट काढावे, हे घरच्या मोठ्यांना पटणे कठीण. गाडीत बसायचे नाही, कुणाला घ्यायला जायचे नाही, मग स्टेशनात काम काय? हाच प्रश्न रेल्वे सुरक्षा दलाचा जवान जरा चढ्या आवाजात विचारतो. प्रश्न गैर नाही, पण त्याला उत्तर आहे.

सुरत-भुसावळ हा मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. शंभर वर्षांहून अधिक काळ तो बहुतांशी एकेरीच राहिला. उधना-जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाचे लोकार्पण व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडले. सुरतच्या कापड गिरण्यांत पोटासाठी गेलेला खान्देश याच रुळांवरून सणावाराला घरी येतो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव असे रोज अप-डाऊन करणारे नोकरदार आणि विद्यार्थी याच गाड्यांच्या वेळांवर जेवणखाण बेततात. त्यांच्या लेखी मालगाडी म्हणजे कटकट. आपली पॅसेंजर लूपला उभी आणि शेजारून कोळसा निघून चालला, हे दृश्य कुणाला आवडेल?

पण रेल्वेचे पोट त्या कोळशावरच भरते. २०२३-२४ मध्ये रेल्वेने सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला आणि त्यातला निम्मा कोळसा होता. प्रवासी तिकिटातला तोटा मालवाहतुकीच्या पैशातून भरून निघतो, हे उघड गुपित आहे. अप-डाऊनचा पास स्वस्त राहतो तो बाजूने गेलेल्या त्या रेकमुळेच, म्हणजे मालडब्यांच्या रांगेमुळेच.

फोटो काढणारा ही रेक वाचायला शिकतो. उघड्या डब्यांची असेल तर साधारण ५८ डबे आणि मागे ब्रेकव्हॅन. बंद डबे असतील तर आत धान्य, सिमेंट किंवा खत असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक डब्याच्या अंगावर अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन तो कोणत्या रेल्वेच्या मालकीचा ते, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष. मग चार आकडे त्या डब्याचे स्वतःचे. शेवटचा एकटा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिले गेले की नाही हे ताडून पाहण्यासाठी. पूर्व किनाऱ्यावरच्या रेल्वेच्या नावाचा डबा नवापुरात उभा दिसला, की देशाचा नकाशा पुस्तकाबाहेर येतो. भूगोलाच्या तासाला एवढे हाती लागत असेल असे वाटत नाही.

आणि हा नकाशा आपल्या जिल्ह्यांचाही आहे. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राला कोळसा लागतो, मनमाडला अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत, रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीच्या बाजारात गेली आहेत. काय येते, काय जाते आणि किती डबे रिकामे परततात, हे वर्षानुवर्षे टिपून ठेवलेल्या फोटोंत दिसते. वाफेच्या इंजिनांच्या काळाचे असे खान्देशी चित्रण आपल्याकडे फारसे नाही. तेव्हा कॅमेरा मूठभर लोकांकडे होता, आता तो खिशात आहे.

गंमत अशी, की धावत्या मालगाडीकडे टक लावून पाहणे हे रेल्वेत कामच आहे. गाडी थांबणार नसली तरी स्टेशनवरचा कर्मचारी बाहेर येऊन उभा राहतो. आस तापला आहे का, काही लोंबकळते आहे का, शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ची पाटी आहे का, हे तो पाहतो. पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्येच तुटून मागे राहिली नाही.

फरक एवढाच, की त्या कर्मचाऱ्याला कुठे उभे राहायचे ते शिकवलेले असते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेपेक्षा धोका मोठा आहे. विजेचे इंजिन जुन्या डिझेलइतकी वर्दी देत नाही, आणि एका रुळावरच्या मालगाडीच्या खडखडाटात दुसऱ्या रुळावरची गाडी ऐकू येत नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले. ते छायाचित्रकार नव्हते, पण शेजारचा रूळ किती फसवा असतो हे जळगाव जिल्ह्याने तिथे पाहिले. चांगल्या कोनासाठी खडीवर उतरणाऱ्याची आम्ही अजिबात बाजू घेणार नाही. लष्करी सामान लादलेली गाडी आली तर कॅमेरा खाली, यातही वाद नको.

उरतो तो फलाटावर किंवा उड्डाणपुलावर शहाण्यासारखा उभा असलेला मुलगा. सिनेमावाल्यांसाठी रेल्वेकडे अर्ज, शुल्क, परवानगी अशी ठरलेली वाट आहे. या मुलाने कुणाला विचारायचे, हे आपल्या स्टेशनांवर कुठे लिहिलेले दिसत नाही. मग उत्तर ड्युटीवरच्या माणसाच्या मर्जीवर ठरते. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेल या संस्थेने रेल्वेप्रेमींसाठी नियमच छापले आहेत: पिवळ्या रेघेच्या मागे राहा, फ्लॅश वापरू नका, कर्मचाऱ्यांना तुम्ही आल्याचे सांगा.

भुसावळ विभागाने आणि पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाने अशी चार-पाच ओळींची पाटी लावायला हरकत नसावी. खर्च रंगाच्या डब्याचा. नवापूरचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असल्याने तिथे ती मराठी आणि गुजराती अशी दोनदा रंगवावी लागेल; कोणती कोणत्या टोकाला, ते स्टेशन मास्तरांनी ठरवावे.